पर्समधले पिस्तूल आणि मैदानावरचा नेम

पदक एकाने मिळवावे आणि डोके दुसऱ्याचे फिरावे, हा प्रकार आपल्याकडे नवा नाही. २०१८ साली जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांत कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी पंचवीस मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक जिंकले. २०२४ साली पॅरिसला मनू भाकर यांनी दहा मीटर एअर पिस्तुलात कांस्यपदक मिळविले. या वार्तांचा आनंद आम्हांस इतरांहून कमी झाला असे नाही. कारण एक पिस्तूल आमच्याही घरात आहे. ते आमच्या धाकट्या कन्येचे असून त्यातून हवेच्या जोराने साडेचार मिलिमीटरची शिशाची गोळी सुटते, आणि त्यापायी आमच्या गेल्या तीन दिवाळ्या काटकसरीच्या झाल्या आहेत. असो. तक्रार ती नव्हे. तक्रार अशी की, या पदकांचा हवाला देऊन ‘मुलींच्या पर्समध्ये आता रिव्हॉल्वर हवेच’ असा उपदेश करणारी मंडळी सुशिक्षित घरांतून वाढू लागली आहेत. आणि त्यांचे अग्रणी आमचे मेहुणेच असल्यामुळे हा उपदेश आम्हांस दर रविवारी चहाबरोबर ऐकावा लागतो. “भाऊजी, पोरीचा नेम एवढा पक्का, मग परवाना काढायला कसली भीती?” हा त्यांचा ठरलेला प्रश्न.

या प्रश्नात जी चूक आहे ती शिकल्यासवरलेल्या माणसाने करावी याचेच आम्हांस नवल वाटते. मैदानावरचा नेम आणि खिशातले हत्यार या एकाच विद्येच्या दोन पायऱ्या आहेत, अशी ही समजूत. वस्तुतः त्यांची साधी ओळखदेखील नाही.

दहा मीटर एअर पिस्तुलाचेच घ्या. दहा गुणांचे वर्तुळ साडेअकरा मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे आपल्या सदऱ्याच्या गुंडीएवढे. साठ गोळ्यांस पंचाहत्तर मिनिटे मिळतात. पिस्तूल दीड किलोपर्यंत जड चालते, आणि त्याचा चाप मात्र अर्ध्या किलोच्या दाबाने सुटला तरी नियमात बसतो. याचा अर्थ हत्यार जड आणि चाप हलका. बोटाने चाप दाबताना नळी जागची हलू नये म्हणून ही सारी योजना. आता पर्समध्ये मावणारे रिव्हॉल्वर पाहा. ते वागवावयाचे म्हणून हलके, अर्ध्या किलोच्या आसपास. लपवावयाचे म्हणून आखूड, त्यामुळे मागची खाच व पुढची माशी यांतील अंतर चार बोटांचे. आणि नकळत उडू नये म्हणून त्याचा चाप कठीण. घोडा न चढविता नुसत्या चापाने उडवावयाचे तर अशा रिव्हॉल्वरास साधारणतः चार-पाच किलोचा जोर लागतो. वस्तू अर्ध्या किलोची आणि तिला ओढणारे बल तिच्या आठ-दहा पट! हात हलणार नाही तर काय होईल? शिवाय हत्यार जितके हलके तितका उडताना मनगटास बसणारा हिसका मोठा. ‘बाईमाणसाला लहानसे बरे’ असे म्हणून दुकानात जे पुढे केले जाते, ते नेम धरण्यास सर्वांत अवघड असते, ही गोष्ट नेमबाजीचा कोणताही उस्ताद सांगेल. ज्याला लपविणे सोपे त्याने नेम साधणे कठीण, आणि ज्याने नेम साधणे सोपे ते लपविणे अशक्य. या कोड्याला अमेरिकेतील कारखानदारांसही आजवर तोड सापडलेली नाही.

अमेरिकेचे नाव निघालेच आहे, कारण मेहुण्यांचे सारे दाखले तेथलेच. तेथे जेफ कूपर नावाच्या गृहस्थांच्या पुढाकाराने १९७६ साली मिसूरी राज्यातील कोलंबिया गावी एक आंतरराष्ट्रीय संघटना निघाली. स्थिर लक्ष्यावर सावकाश गोळ्या झाडण्यापेक्षा धावपळीची, प्रत्यक्ष झटापटीच्या जवळ जाणारी स्पर्धा घ्यावी, हा हेतू. पुढे काय झाले? जिंकण्याच्या ईर्ष्येने पिस्तुलांवर दुर्बिणी बसल्या, नळीच्या तोंडाशी हिसका मारणारी यंत्रे आली, आणि जे हत्यार कोणत्याही कोटाखाली दडणार नाही ते स्पर्धेत अव्वल ठरू लागले. याला कंटाळून १९९६ साली दुसरी संघटना निघाली व तिने नियम केला की पिस्तूल रोजच्या वापरातले हवे आणि ते वस्त्राखाली झाकलेले हवे. तर स्पर्धकांनी चटकन बाजूस सारता येतील अशा खास बंड्याच वापरावयास आरंभ केला! खेळ तो शेवटी खेळच. त्याला गुण असतात, घड्याळ असते, आणि मनुष्य जिंकण्याची सोय पाहतो. यात त्या स्पर्धकांना दोष देण्याचे कारण नाही. दोष आहे तो या खेळाला रणांगणाची शाळा समजणारांचा.

त्याच देशात आता निम्म्याहून अधिक राज्यांत परवान्यावाचून पिस्तूल लपवून बाळगता येते, आणि न्यू यॉर्कचा १९११ पासूनचा कडक निर्बंध २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढला. तेथे २०२१ या एका वर्षात बंदुकीने ४८,८३० माणसे मेली. त्यांपैकी २६,३२८ जणांनी ती स्वतःवरच चालविली होती. चोरासाठी घरात आणलेले हत्यार घरातल्याच खिन्न माणसाच्या हाती प्रथम लागते, हे या आकड्यांतून ज्यास दिसत नाही त्याच्याशी वाद कसला करावा? २०१४ च्या डिसेंबरात आयडाहो राज्यात एका दुकानात खरेदी करणाऱ्या बाईच्या पर्समधील पिस्तूल तिच्या दोन वर्षांच्या मुलाच्या हाती लागून उडाले व ती तेथेच ठार झाली. ती पर्स मुद्दाम पिस्तूल ठेवण्याकरिता बनविलेली होती.

बरे, हत्यार वेळेवर चालेलच याची तरी हमी कोण देतो? २०२१ साली टोकियोत ऐन फेरीमध्ये मनू भाकर यांच्या पिस्तुलाचा खटका मोडला. मदतीस प्रशिक्षक होते, तज्ज्ञ होते; तरी दुरुस्तीत अमूल्य मिनिटे गेली आणि अंतिम फेरी हुकली. ही अवस्था जगातील उत्तम पिस्तुलाची! मग महिनोन्‌महिने रुमाल, किल्ल्या आणि पावडरच्या डबीशेजारी पडून राहिलेल्या रिव्हॉल्वराने अंधाऱ्या बोळात काय करावे?

यावर मेहुण्यांनी एकदा प्रतापगड काढला. महाराजांनी वाघनखे लपवूनच नेली होती ना? नेली होती, आणि अंगरख्याखाली चिलखतही घातले होते. परंतु १६५९ च्या त्या दिवशी कोणाची गाठ घ्यावयाची, कोठे, किती वाजता, बरोबर कोण, झाडीत कोण, हे सारे महाराजांनी आधी योजिले होते. रात्री नऊला कचेरीतून परतणाऱ्या मुलीला यांतील एकही गोष्ट ठाऊक नसते. वेळ व जागा हल्लेखोर निवडतो. त्या योजनेतून मनगटापुरते लोखंड तेवढे उचलावे आणि बुद्धी तेथेच ठेवावी, हा शिवभक्तीचा कोणता प्रकार? १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने इंग्रजांनी आपल्याला षंढ केले, हाही एक आवडता मुद्दा. तो कायदा गोऱ्याकाळ्यांत भेद करणारा म्हणून निंद्य होता. १९५९ चा कायदा आपल्याच लोकसभेने केलेला आहे.

स्वसंरक्षणाचा हक्क आम्ही नाकारीत नाही. कायदाही नाकारीत नाही. आमचा राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. २०१२ च्या डिसेंबरातील दिल्लीच्या अमानुष घटनेनंतर, जानेवारी २०१४ मध्ये, कानपूरच्या सरकारी कारखान्याने पॉइंट बत्तीस बोअरचे ‘निर्भीक’ नावाचे रिव्हॉल्वर स्त्रियांसाठी म्हणून विक्रीस काढले. किंमत सुमारे सव्वा लाख. ज्या सरकारने रस्त्यावर दिवा लावावयाचा, गस्त ठेवावयाची, खटला लवकर निकालात काढावयाचा, त्याच सरकारने मुलीला सांगावे की सव्वा लाख भर आणि निर्भय हो! शेतमजूर बाईने, गिरणीतल्या बाईने काय करावे, हे त्या जाहिरातीत नव्हते.

गेल्या रविवारी मेहुण्यांनी हा विषय कन्येसमोरच काढला. तिने चहाचा पेला खाली ठेवला व म्हणाली, “मामा, मला एका गोळीला सव्वा मिनिट मिळतं, समोर कागद असतो, तो हलत नाही, ओरडत नाही. तरी परवा दोन गोळ्या सातात गेल्या.” मग आमच्याकडे वळून म्हणाली, “बाबा, रेंजपासून बसथांब्यापर्यंतचे दिवे तीन महिने बंद आहेत. तेवढा एक अर्ज लिहून द्या.”

अर्ज त्याच रात्री लिहिला. हे लिहीपर्यंत त्याची पोचदेखील आलेली नाही.