थकलेल्या कामगाराने जायचे कुठे?

केळापूर तालुक्यातून नागपूर, पुणे, मुंबईकडे पोटासाठी गेलेली आपल्या समाजाची एक पिढी आता म्हातारी झाली आहे. कुणी बांधकामावर घमेली वाहिली, कुणी कारखान्यात हाडे झिजवली, कुणी रात्र-रात्र जागून पहारा दिला. गाव हे जातीचे आगर आहे हे ओळखूनच बाबासाहेबांनी आपल्याला शहराची वाट दाखविली होती. त्या वाटेने गेलेले कित्येक जण आज परत येत आहेत. लोक म्हणतात, म्हातारपणी मातीची ओढ लागते. पण या माणसांना विचारा, ते आधी आपले दुखणे सांगतील!

दम लागतो, गुडघे वाकत नाहीत, मुकादम कामावर घेत नाही. हजेरी बंद झाली की खोलीचे भाडे थकते आणि माणूस गावाची गाडी धरतो. उलट ज्याला आठवड्यातून दोनदा डायलिसिस लागते, त्याला गावी यावेसे वाटले तरी दवाखाना सोडता येत नाही. आजाराने एकाला हाकलले, दुसऱ्याला अडकविले. दोघांनाही कुणी विचारले नाही की बाबा, तुला कुठे राहायचे आहे?

गावी परतलेल्याच्या वाट्याला काय येते? पांढरकवड्याला उपजिल्हा रुग्णालय आहे. दुखणे वाढले की सुमारे ७० किलोमीटरवरचे यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठावे लागते. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. त्याचे स्वागतच आहे. पण ही योजना प्रामुख्याने भरती होणाऱ्या रुग्णासाठी आहे. रक्तदाब-मधुमेहाच्या रोजच्या गोळीचे काय? यवतमाळच्या गाडीभाड्याचे काय?

खरी मेख वयात आहे. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने नोंदणीसाठी १८ ते ६० हे वय ठरविले. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही तेच कायम ठेवले. म्हणजे साठी उलटली की नाव कमी! श्रावणबाळ योजनेचे महिना १५०० रुपये मात्र ६५ व्या वर्षापासून. पुरुषांना एसटीचे अर्धे तिकीटही ६५ नंतरच. कल्याणकारी मंडळाने २०२५ मध्ये निवृत्तिवेतन जाहीर केले, तेही किमान दहा वर्षे नोंदणी असलेल्यांसाठी. मग नाक्यावर उभे राहून आयुष्य काढलेल्या, कुठेच नोंद नसलेल्या मजुराने साठ ते पासष्ट ही पाच वर्षे काय खाऊन काढायची?

हा दयेचा प्रश्न नाही. अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच निर्वाळा दिला की, कामगाराचे आरोग्य हा नोकरीत असताना आणि निवृत्तीनंतरही अनुच्छेद २१ खालील मूलभूत हक्क आहे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत असताना १९४३ मध्ये कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा प्रा. अडारकरांवर सोपविला गेला. त्यातूनच १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा आला. या विम्यात किमान पाच वर्षे राहून वयोमानाने निवृत्त झालेल्याला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःचे व जोडीदाराचे उपचार सुरू ठेवण्याची तरतूद नियमांत केली गेली. बाबासाहेबांच्या काळात पाया घातला गेलेला हा हक्क आपल्या किती कामगारांना ठाऊक आहे?

तेव्हा शासनाकडे तीन मागण्या केल्या पाहिजेत. श्रमिकांसाठी निवृत्तिवेतनाचे वय ६० करा. रोजची औषधे गावच्या उपकेंद्रात दर महिन्याला द्या. शहरातल्या दवाखान्याची कागदपत्रे तालुक्यात ग्राह्य धरून उपचार पुढे चालवा.

आणि समाजबांधवांनो, आपणही हात बांधून बसू नये. प्रत्येक बुद्धविहारात वंदनेनंतर एक वही उघडा. कोण परतले, कुठे राबले, किती वर्षे, विमा क्रमांक कोणता, गोळ्या कोणत्या चालू आहेत, हे लिहून घ्या. कायदा शिकलेल्या तरुणांनी त्यांचे अर्ज भरून तहसील कार्यालयात उभे राहावे. जयंतीच्या वर्गणीतला एक वाटा म्हाताऱ्यांच्या औषधाला जावा.

ज्यांनी शहरात उपाशी राहून आपल्याला शिकविले, ते गावी केवळ मरायला येत असतील तर आपल्या पदव्या काय कामाच्या?

जयभीम!