उभारून उतरवायची नगरे

दिवाळीच्या पणत्या विझतात न विझतात तोच आमच्या सडक अर्जुनीच्या पंचक्रोशीस मंडईचे वेध लागतात. हलके धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत बांबू रोवले जातात, रंगमंच उभा राहतो, वडशाहून नाटक मंडळी येऊन दाखल होते, आणि रात्रभर गजबजलेले ते नगर दुसऱ्या दिवशी असे अंतर्धान पावते की, त्याची साक्ष द्यावयास जमिनीतले खड्डे तेवढे उरतात. हे खड्डे पाहिले की आम्हांस फैजपूर आठवते.

डिसेंबर १९३६ मध्ये पूर्व खानदेशातील त्या गावी पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. तोवर शहरांच्या आश्रयाने नांदलेली ही सभा प्रथमच खेड्यात आली, आणि खेड्यातल्याच वस्तूंनी, खेड्यातल्याच हातांनी तिचा सरंजाम सिद्ध व्हावा हा गांधीजींचा आग्रह होता. शंकरराव देव, धनाजी नाना चौधरी प्रभृतींनी माणसे उभी केली. परंतु शेतजमिनीवर अधिवेशनाचे ‘टिळकनगर’ वसविण्याची जबाबदारी वास्तुशिल्पी म्हात्रे यांच्याकडे आणि त्याच्या सजावटीची शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांच्याकडे होती. अधिवेशनासोबत भरलेल्या प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी गांधीजींनी श्रेय दिले ते या दोघांस.

सभामंडप बांधणे हे या कामातले सर्वांत सोपे अंग असावे. हजारोंचा समुदाय कोणत्या वाटेने आत येईल आणि कोणत्या वाटेने बाहेर पडेल, पाणी कोठे, शौचकूप वाऱ्याच्या कोणत्या बाजूस, चुलीची ठिणगी तट्ट्यापर्यंत पोचू नये म्हणून किती अंतर सोडावे, शेवटच्या रांगेतल्या शेतकऱ्यास वक्ता दिसेल काय, याची तजवीज ज्यास आगाऊ करावी लागते, त्याची चूक दुरुस्त करण्यास दुसरा दिवस मिळत नाही. दगडी इमारतीच्या शिल्पकारास काळ सांभाळून घेतो. मांडवाच्या शिल्पकारास ती सवलत नाही.

दगडाचेच पाहा. २ डिसेंबर १९११ रोजी बादशहा पंचम जॉर्ज मुंबईस अपोलो बंदरावर उतरले, त्या घटनेची स्मृती जॉर्ज विटेटच्या आराखड्याप्रमाणे दगडात कोरली गेली आणि १९२४ साली ‘गेटवे ऑफ इंडिया’ लोकांस खुले झाले. ते आजही उभे आहे. फैजपूरचे टिळकनगर मात्र अधिवेशनाच्याच हिवाळ्यात उतरविले गेले, आणि बैलांच्या रथातून अध्यक्षांना मिरवीत आणणाऱ्या त्या नगराच्या रचनाकाराचे नाव आमच्या शालेय पुस्तकांत आम्हांस कधी भेटले नाही, याचा विषाद वाटल्याखेरीज राहवत नाही.

म्हणून या अंकाची पहिली पाने आम्ही आमच्या भागातील मांडववाल्यांस आणि तट्टे विणणाऱ्या बुरूड कारागिरांस दिली आहेत. बांबू किती खोल रोवावा हे त्यांच्याच तोंडून ऐकावे. भाऊबीजेनंतरच्या मंडईस येणाऱ्या वाचकांनी यंदा नाटकाच्या वेळेवर न येता, खड्डे खणले जात असताना, दुपारीच यावे.