सभेला फी नसते



‘मनाचा निर्धार हवा, सभांवर पैसे उधळून दारू सुटत नाही’ हे आपल्या अंकात छापलेल्या लेखातले मत वाचले. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या सभेला फी नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. निर्धार हवा, मान्य. पण माझ्या यजमानांनी लेकरांच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेल्या शपथा पोळ्यापर्यंतही टिकल्या नाहीत. आता संध्याकाळी ते दार लोटून मोबाइलवरच्या सभेत बसतात. चहा गार होतो, तरी उठत नाहीत. गावात सभा नसली तर मोबाइलचा हा मार्ग आहे. १४४४६ या सरकारी व्यसनमुक्ती क्रमांकावर विचारपूसही फुकट होते. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉनच्या वेगळ्या सभा असतात. त्यांचा तर लेखात उल्लेखच नाही.

– एक गृहिणी, तामसी (जि. आदिलाबाद)