कामावर आलात? म्हणजे सही केलीत!

कंपनीकडून मेल येतो. यापुढे पगाराबद्दल तक्रार असेल तर कोर्टात जायचं नाही, लवादाकडे जायचं. तेही एकेकट्याने, चार जण मिळून नाही. आणि तुम्ही कामावर येत राहिलात की हे सगळं तुम्हाला मान्य आहे असं आम्ही धरून चालू. याला तुम्ही करार म्हणाल? मी तर दमदाटी म्हणेन.

हे काल्पनिक नाही बरं का. हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या विस्कॉन्सिनच्या एपिक सिस्टिम्सने एप्रिल २०१४ मध्ये असाच मेल पाठवला. पुढे तिथल्या एका टेक्निकल रायटरने (म्हणजे आपल्यातलाच की!) ओव्हरटाइम बुडवला म्हणून स्वतःसाठी आणि सहकाऱ्यांसाठी दावा लावला. २१ मे २०१८ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की करार तो करार, एकेकट्यानेच लवादाकडे जा. आधार कुठला, तर १९२५ सालचा लवाद कायदा!

सगळी मेख त्या 'एकेकट्याने'मध्ये आहे. एपिकबरोबरच अर्न्स्ट अँड यंगचा खटलाही ऐकला गेला. त्यातला हिशोब न्या. रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी आपल्या विरोधी निकालपत्रात दिलाय: बुडालेला ओव्हरटाइम सुमारे १,८६७ डॉलर, तो एकट्याने लढून मिळवायचा खर्च २ लाख डॉलर. कोण लढेल हो? शंभर जण एकत्र आले असते तर वकील एक, पुरावे तेच, खर्च वाटून. कंपनीला नेमकं तेच नकोय.

यावर ठरलेलं उत्तर येतं की लवाद स्वस्त आणि झटपट असतो, कामगाराचाच फायदा. असं? मग डोअरडॅशचं बघा. घरपोच जेवण पोचवणाऱ्या पाच हजारांहून जास्त लोकांनी कराराप्रमाणे खरोखरच एकेकट्याने लवाद मागितला. लवादाची फी लाखो डॉलरच्या घरात गेली, आणि आता कंपनीच भरेना! शेवटी फेब्रुवारी २०२० मध्ये कोर्टाला तिला सांगावं लागलं की बाई गं, कलम तुझंच आहे, आता जा लवादाकडे.

आपल्याकडे निदान हे एवढं सोपं नाही. किंगफिशरच्या पायलटांनी थकलेल्या पगारासाठी मुंबईच्या कामगार न्यायालयात धाव घेतली तेव्हा कंपनीने करारातलं लवादाचं कलम पुढे केलं. २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते झिडकारलं. कामगार कायद्याने दिलेले हक्क हा दोन पार्ट्यांमधला खाजगी मामला नाही, त्यासाठी कायद्याने नेमलेली न्यायालयं आहेत, ती अशी कलम घालून टाळता येत नाहीत. एकदम पटलं.

फक्त हे कवच कायद्याच्या व्याख्येतल्या कामगारालाच. मॅनेजर झालेल्या मंडळींनी आपापलं ऑफर लेटर शोधून काढावं आणि बारीक टायपातलं शेवटचं पान वाचून बघावं.