गणितात ‘कच्चं’ कोणी ठेवलं?

रायपूरच्या गोल बाजारात १६० रुपये किलोच्या हळदीचे ३५० ग्रॅम म्हणजे ५६ रुपये, हे विक्रेती कागदाविना सांगते. तीच तिशीत कॉलेजला निघाली आणि कागदावर ‘१६० चे ३५ टक्के’ आले की अडते. गणित तेच! तरी शेरा ठरलेला: यांचं गणित कच्चंच. ‘यांचं’ म्हणजे कुणाचं, ते आपल्याला कळतं.

जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये कष्टकरी प्रौढांसाठी रात्रशाळा काढली. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षणात हिशेब मागितला. हिशेब न येणाऱ्याला सावकार नि कुलकर्णी कसे नागवतात, हे त्यांनी पाहिलं होतं. मग प्रवेशाआधी तीन महिने, संध्याकाळी, बिनफी अपूर्णांक नि शेकडेवारी शिकवायला कॉलेजांचं काय जातं? सुरुवात हळदीपासून करा.