उजनी जलाशयात पक्ष्यांच्या थव्यांवर होड्या घालण्यास बंदी व जलवापराची लेखी शिस्त ठरवण्याबाबत निवेदन

दिनांक : ६ नोव्हेंबर २०२५
भिगवण, ता. इंदापूर, जि. पुणे

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, पुणे
(मार्फत : मा. तहसीलदार, इंदापूर)

विषय : उजनीच्या फुगवट्यावरील नावाडी, मासेमार, शेतकरी व पक्षीनिरीक्षक यांच्यातील वाद मिटवण्यासाठी हंगाम सुरू होण्यापूर्वी नियम ठरवणे.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे उजनी काठचे नावाडी, मासेमार, गाळपेर करणारे शेतकरी आणि वर्षानुवर्षे येथे पक्षी पाहायला येणारी काही पुणेकर मंडळी आहोत. एरवी या चौघांचे एकमेकांशी फारसे पटत नाही. चौघांच्या सह्या एका कागदावर येण्याची ही पहिलीच वेळ. गेल्या हंगामातील भांडणांनी ही वेळ आणली. निवेदन लिहिणारा मी स्वतः नावाडी आहे. माझे वडील याच पाण्यात जाळी टाकत आणि त्यांच्या वडिलांची जमीन याच पाण्याखाली आहे.

वाद नेमका कुठे होतो, ते आधी सांगतो. धरण भरलेले असते तेव्हा वाद नसतो. पाणी अथांग असते, ज्याला जिकडे जायचे तिकडे तो जातो. डिसेंबरनंतर पाणी उतरू लागते. उजनीची एकूण साठवण ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून अधिक साठा मृत. म्हणून उन्हाळ्यात उपयुक्त साठ्याचा आकडा वजामध्ये जातो आणि पळसदेवचे जुने देऊळ पाण्याबाहेर येते. पाणी मागे सरते तसा काठाला गुडघाभर पाण्याचा आणि चिखलाचा एक पट्टा उघडा पडतो, आणि सगळ्यांना हवा असतो तो नेमका हाच पट्टा. रोहित पक्षी तिथेच उतरतात, कारण मान उलटी करून चोचीने चिखलपाणी गाळायला त्यांना उथळ पाणीच लागते. चिलापीसाठी मासेमाराची जाळी तिथेच लागतात. शेतकरी पंप आणि पाइप घेऊन पाण्यामागोमाग तिथेच उतरतो. आणि शनिवार-रविवारी पहाटे पाहुण्यांनी भरलेल्या आमच्या होड्याही तिथेच जातात.

मासेमारांत याबाबत जुनी रीत आहे. कोणी लिहून ठेवलेली नाही, पण पोरगा वल्हे धरू लागला की त्याला ती शिकवली जाते. ज्याने आधी जाळे लावले त्याची ओळ. दुसऱ्याने लांबून जायचे. ओळीवरून जावेच लागले तर इंजिन बंद करून पंखा वर घ्यायचा आणि होडी बांबूने ढकलायची. चुकून जाळे तुटले तर संध्याकाळी त्याच्या दारात जाऊन सांगायचे. या रीतीमुळे एका पाण्यावर शेकडो घरे जगली. पक्षी दाखवण्याचा व्यवसाय नवा आहे, त्याला अशी रीत लागलेली नाही. आम्ही ती वेळेवर लावली नाही, ही चूक आम्हा नावाड्यांची आहे आणि ती आम्ही या निवेदनात लेखी मान्य करतो.

गेल्या जानेवारीतला एक प्रसंग सांगतो. माझ्या होडीत एक निवृत्त शिक्षक आणि त्यांची नात होती. आम्ही अंधारात निघालो. रोहितांच्या थव्यापासून दोनशे पावलांवर इंजिन बंद केले, बांबूने थोडे पुढे सरकलो आणि थांबलो. पाऊण तास कोणी बोलले नाही. पक्ष्यांनी आम्हाला स्वीकारले म्हणा किंवा विसरले म्हणा, पण ते खात खात स्वतःच आमच्याकडे सरकू लागले. त्यांच्या चोचींचा पाण्यातला आवाज ऐकू येत होता. तेवढ्यात मागून दोन होड्या पूर्ण वेगाने आल्या आणि थेट थव्यात घुसल्या. सगळा थवा एकदम उठला. पंखांखालचा तो गुलाबी-काळा रंग दिसला, कॅमेरे वाजले, होड्या वळून निघून गेल्या. त्यातल्या एका होडीने परतताना जाळ्याची ओळ कापली. जाळे पंख्यात गुंडाळले गेले आणि मासेमाराचे आठवड्याचे उत्पन्न गेले. काठावर आल्यावर बांबू उगारले गेले. भरपाई कोणी द्यायची, यावर तीन दिवस तंटा चालला. आठ वर्षांच्या त्या मुलीने मला विचारले, “काका, आपण आधी आलो होतो ना?” मला उत्तर देता आले नाही.

महोदय, ती होडी चालवणारा माझाच भाऊबंद आहे आणि तो वाईट माणूस नाही. गिऱ्हाईक म्हणते, “दादा, जरा उडवा ना.” उडवले की शंभर-दोनशे रुपये जास्त सुटतात. नाही उडवले तर पुढच्या वेळी ते गिऱ्हाईक दुसऱ्या होडीत बसते. मीही पूर्वी उडवले आहेत. जो उडवत नाही त्याचे नुकसान आणि जो उडवतो त्याचा फायदा, अशी आजची स्थिती आहे. ही स्थिती एकट्यादुकट्याच्या चांगुलपणाने बदलणार नाही. नियम सर्वांना एकदम लागू झाला, तरच तो पाळणे कोणालाही परवडेल. आमच्या सगळ्या मागण्यांचे मूळ इथे आहे.

पक्षी उडाला तर त्याचे काय बिघडते, असे आम्हाला विचारले जाते. थापट्या, तलवार बदक, चक्रांग ही बदके दिवसा पाण्यावर नुसती बसलेली दिसतात. ती रिकामी नसतात, विसावा घेत असतात, कारण त्यांच्यातली अनेक रात्री चरतात. पट्टकादंब तर हिमालय ओलांडून येतात आणि मार्च-एप्रिलच्या सुमारास तोच हिमालय पुन्हा ओलांडतात. त्या प्रवासासाठी लागणारी चरबी त्यांना इथल्या चार महिन्यांत अंगावर चढवायची असते. प्रत्येक उठवणीत तिच्यातली थोडी जाते आणि शिवाय चरण्याचा वेळ जातो. सकाळी सहा ते दहा या वेळात एकाच थव्यावर पंधरा होड्या गेल्या, तर तो थवा खाणार कधी? दोन-तीन दिवस हे चालले की पक्षी ती जागा सोडतात. त्यानंतर रोजगार बुडाल्याची तक्रार घेऊन आम्हीच आपल्या दारात येऊ.

कायद्याचा मुद्दा आपल्याला आमच्यापेक्षा चांगला ठाऊक आहे, तरी नोंदवतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मधील शिकारीची व्याख्या बंदुकीपुरती नाही. वन्यप्राण्याला हाकणे आणि आमिष दाखवणे हेही त्या व्याख्येत आहे. कुरवांना होडीमागे ओढण्यासाठी टाकले जाणारे फरसाण आणि फोटोसाठी थव्यात घातलेली होडी या दोन्हींकडे प्रशासनाने या नजरेने पाहावे, अशी आमची विनंती आहे.

आमच्यातील पुणेकर मित्रांनी एक गोष्ट शोधून आणली, ती ऐकून आम्ही काठावरचे लोक गप्प झालो. अमेरिकेत बदकांची शिकार आजही कायदेशीर आहे. तिथल्या सार्वजनिक तळ्यांवर हजारो शिकारी उतरतात आणि त्यांच्यातही अशीच भांडणे होतात : कोण आधी आला, कोण कोणाच्या फार जवळ बसला, कोणी दुसऱ्यासमोर उतरू लागलेला थवा बिघडवला. पण त्यांनी नियम केले आहेत. मोटरबोटीचे इंजिन पूर्ण बंद होऊन बोट थांबल्याशिवाय तिच्यातून गोळी झाडता येत नाही. बोटीने पक्षी हाकून बंदुकीसमोर आणणे हा गुन्हा आहे. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी शिकार सुरू होते आणि सूर्यास्ताला बंद होते. काही ठिकाणी बसायच्या जागा सोडतीने देतात, आणि पाण्याचा काही भाग शिकाऱ्यांना पूर्ण बंद असतो, म्हणजे पक्ष्यांना टेकायला जागा उरते. १९३४ पासून सोळा वर्षे व त्याहून अधिक वयाच्या प्रत्येक बदक-शिकाऱ्याला दरवर्षी एक तिकीट विकत घ्यावे लागते आणि त्याचा जवळपास सगळा पैसा पाणथळ जागा राखण्यावर खर्च होतो. पक्षी मारायला निघालेल्या माणसाला तिथे इंजिन बंद करावे लागते. आपल्या देशात बदकाला गोळी घालणे गुन्हा आहे, आणि आम्ही पक्षीप्रेमी म्हणवणारे इंजिन चालू ठेवून त्यांच्यात घुसतो.

आपल्याकडेही बंदुकीचे दिवस होते. भरतपूरला १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. त्याच दिवशी पक्षीशास्त्रज्ञ सालिम अली बेचाळीस वर्षांचे झाले. पुढे तीच जागा राष्ट्रीय उद्यान झाली. आज आपल्या राज्यात ५ नोव्हेंबर, म्हणजे पक्षी-अभ्यासक लेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, ते १२ नोव्हेंबर असा पक्षी सप्ताह पाळला जातो. आमच्या शेजारच्या सोलापूरचे चितमपल्ली यंदा जूनमध्ये गेले. त्यांच्या पश्चात येणाऱ्या या पहिल्या सप्ताहात हे निवेदन द्यायचे आम्ही मुद्दाम ठरवले.

आता मागण्या. पहिली आणि सर्वांत महत्त्वाची मागणी अंतराची आहे. पक्ष्यांच्या थव्यापासून किती अंतरावर इंजिन बंद करायचे, हे वन विभागाने जाणकारांना सोबत घेऊन, होडीत बसून, आमच्यासमोर ठरवावे आणि आदेशाने लागू करावे. आमच्या अनुभवाने दोनशे पावले तरी हवीत. त्यापुढे फक्त बांबू किंवा वल्हे. थव्याच्या उडण्याच्या दिशेने होडी आडवी घालायची नाही. जी होडी आधी थांबली आहे तिच्या आणि पक्ष्यांच्या मध्ये दुसरी होडी येणार नाही. “उडवा” असे सांगणारे गिऱ्हाईक आणि ते ऐकणारा नावाडी या दोघांनाही दंड व्हावा. फक्त नावाड्याला झाला तर तो दंडही भाड्यात मिसळला जाईल.

दुसरी मागणी विसाव्याच्या जागेची. उथळ पट्ट्यातील एखादा तुकडा डिसेंबर ते एप्रिल पक्षी दाखवणाऱ्या होड्यांना पूर्ण बंद ठेवावा. पाण्याबरोबर काठही सरकत असल्याने ही जागा नकाशावर एकदाच आखून चालणार नाही. दर पंधरा दिवसांनी खुणेचे बांबू हलवावे लागतील, आणि ते काम आम्ही विनामोबदला करू.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण तिच्याविषयी काठावर भीती आहे. बाहेरचे लोक या जागेला पक्षी अभयारण्य म्हणतात. तसे अभयारण्य जाहीर करून जाळी आणि गाळपेर बंद करा, असे आम्ही मागत नाही. धरणाने एकदा आमची जमीन घेतली आहे. ज्या मासेमाराचे जाळे बंद होईल तो पक्ष्याचा वैरी होईल, आणि मग कितीही वनरक्षक नेमले तरी पुरणार नाहीत. मात्र लहान डोळ्यांच्या जाळ्यांना आमचाही विरोध आहे. ती बोटाएवढी पिल्लेही सोडत नाहीत, आणि त्यांच्यावर कारवाई झाली तर आम्ही साक्ष देऊ.

जाळ्यांच्या ओळींना रंगीत तरंगते डबे लावणे मासेमारांनी मान्य केले आहे. त्या ओळीवरून इंजिन चालू ठेवून गेलेल्या होडीने भरपाई द्यावी आणि तिची रक्कम ठरवायला काठावरच्या चार घटकांची समिती असावी. पंपांचे पाइप पाण्यात कुठवर न्यायचे, हेही समितीने शेतकऱ्यांशी बोलून ठरवावे.

सुरक्षेबाबत जास्त लिहावे लागू नये. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. मृतदेह शोधायला आमच्यातले अनेक जण पाण्यात उतरले होते. प्रत्येक प्रवाशाला जॅकेट, प्रत्येक होडीवर क्रमांक, ठरलेली प्रवासीसंख्या आणि वारा सुटला की काठावरून लाल निशाण, एवढे या हंगामात झालेच पाहिजे. जॅकेट देण्याइतके भाडे आम्ही नक्की घेतो.

घाटावर फलक लावावेत आणि त्यावर पक्ष्यांची मराठी नावे असावीत. रोहित, चक्रवाक, थापट्या, हळदी-कुंकू बदक ही नावे आमच्या मुलांना वाचायला मिळावीत. पाहुणे येतात आणि इंग्रजी नावे सांगतात, ती आम्ही शिकलो, पण आमच्या आज्या ज्या नावांनी हे पक्षी ओळखत ती पुसली जात आहेत.

शेवटची मागणी खुद्द आपल्याकडे आहे. पाणी एका खात्याचे, मासळी दुसऱ्याची, पक्षी तिसऱ्याचे, होड्यांचा परवाना चौथ्याकडे, आणि काठ पुणे, सोलापूर, अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांत विभागलेला. गेल्या वर्षी जाळे तुटल्याची तक्रार घेऊन आम्ही एका कार्यालयात गेलो, तिथून दुसऱ्यात आणि तिथून पुन्हा पहिल्यात पाठवले गेलो. इंदापूरच्या काठाला नियम आणि समोर करमाळ्याच्या काठाला मोकळीक असे झाले, तर होड्या सरळ पलीकडे जातील. म्हणून तिन्ही जिल्हाधिकारी आणि संबंधित खाती यांची एक बैठक ३० नोव्हेंबरपूर्वी भिगवण येथे घ्यावी. ती जिल्ह्याच्या ठिकाणी घेऊ नये, काठावर घ्यावी, म्हणजे ज्यांना नियम पाळायचे आहेत ते समोर असतील. बैठकीच्या दिवशी आमची एकही होडी पाण्यात जाणार नाही. आपल्याला थव्यापर्यंत नेणारी होडी तेवढी जाईल, आणि ती बांबूने चालवली जाईल.

आपले विश्वासू,

उजनी काठचे नावाडी, मासेमार, शेतकरी व पक्षीनिरीक्षक
(सह्या व अंगठे सोबतच्या पानांवर)

प्रत माहितीसाठी व उचित कार्यवाहीसाठी :
मा. जिल्हाधिकारी, सोलापूर
मा. जिल्हाधिकारी, अहिल्यानगर
मा. उपवनसंरक्षक, पुणे वन विभाग