वेशीबाहेरचा पहारेकरी



मागच्या उन्हाळ्यात आम्ही उभयता पंधरा दिवस माल्टा देशी जाऊन आलो. इटलीच्या दक्षिणेला, सिसिलीच्या खाली, भूमध्य समुद्रात असलेला हा एवढासा बेटांचा देश. आमची थोरली लेक तिथल्या एका इस्पितळात परिचारिका आहे. तिच्याबरोबर केरळच्या मुली पुष्कळ, त्यांत ही एक आमची साताऱ्याकडची. विमानाच्या तिकिटांचा खर्च लेकीने केला, हे सांगायला आम्हाला मुळीच संकोच वाटत नाही.

१ मे हा जसा आपला महाराष्ट्र दिन, तशी तिथेही कामगार दिनाची सुट्टी असते. त्या दिवशी लेक, जावईबापू, नऊ वर्षांची नात आणि आम्ही दोघे असे समुद्राकाठच्या वाटेने फिरायला निघालो. सलिना नावाच्या खाडीपाशी बसमधून उतरलो. तिथे जुनी मिठागरे आहेत, खडकात चौकोन पाडलेली. उरण-पेणची मिठागरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ती अनोळखी वाटणार नाहीत. पुढे डाव्या हाताला समुद्र, पायाखाली मधाच्या रंगाचा चुनखडी खडक, खाऱ्या पाण्याने असा खाल्लेला की चपलेतूनही टोचतो. कडेला फड्या निवडुंग. उजवीकडे रस्त्यापलीकडे मात्र माताब नावाचा कचऱ्याचा प्रचंड डोंगर. तिथे कचरा टाकणे २००४ साली थांबले, पण डोंगर कुठे जाणार? आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "एवढं नाजूक गाव, पण उकिरडा यांनाही चुकला नाही." जावईबापूंना हसू आवरेना.

मग समोर तो बुरूज आला. आलिसचा बुरूज. चौकोनी, दुमजली, अगदी साधा. नक्षी नाही की कमान नाही. त्याच्या पुढे पाहिले तर दूर दुसऱ्या टेकाडावर तसाच दुसरा, कालेत मार्कूचा. या रचनेचे मर्मच ते. एका बुरुजावरून शेजारचा बुरूज दिसलाच पाहिजे. त्या काळी माल्ट्यावर सेंट जॉन पंथाच्या सरदारांचे राज्य होते. त्यांचा प्रमुख मार्टिन दे रेदिन याने १६५८ आणि १६५९ या दोन वर्षांत असे तेरा बुरूज किनाऱ्याने बांधून घेतले. शत्रूचे गलबत दिसले की दिवसा धूर करायचा, रात्री जाळ पेटवायचा. तो पाहून शेजारच्याने पेटवायचा, आणि असे करत वर्दी राजधानी व्हालेट्टापर्यंत पोचायची. मूळ दार वरच्या मजल्यावर. शिडीने चढायचे आणि शिडी आत ओढून घ्यायची.

हा खटाटोप उगाच नव्हता. १५५१ साली तुर्की आरमाराने शेजारच्या गोझो बेटावरची सुमारे पाच हजार माणसे, म्हणजे जवळजवळ अख्खे बेटच, गुलाम करून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर त्रिपोलीला नेले. १६१४ साली साठ जहाजे येऊन पुन्हा धाड पडली. बायकापोरे उचलून नेली जाण्याची धास्ती तिथल्या रयतेच्या उशाशीच असे. पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती सांगायची राहून जाते. जे सरदार हे बुरूज बांधत होते तेच समुद्रात धाडी घालून मुसलमान माणसे धरून आणत, व्हालेट्टात विकत आणि गलबतांच्या वल्ह्यांना जुंपत. १७४९ साली तिथल्या गुलामांनी उठावाचा बेत केला, तो फुटला आणि पुष्कळांना हाल हाल करून मारले. १७९८ साली नेपोलियनने बेट घेतले तेव्हा कुठे गुलामगिरी कायद्याने बंद झाली. गुलाम आणि अस्पृश्य यांची तुलना बाबासाहेबांनी मुद्दाम मांडून ठेवली आहे. गुलाम मेला तर धन्याचे पैसे बुडतात, म्हणून तो त्याला खायला तरी घालतो. अस्पृश्य मेला तर कोणाचेच काही बुडत नाही. हे वाचलेले आम्हाला त्या खडकावर बसून आठवत होते.

नातीने बुरुजाभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि विचारले, "आजोबा, यात कोण राहायचं?"

आम्ही म्हणालो, "पहारेकरी. चारेक माणसं. त्याच्या आधी गावातल्याच लोकांना पाळीपाळीने रात्री किनाऱ्यावर जागावं लागे. पाळी चुकवता येत नसे."

"आपल्या गावी पण असं होतं?"

लेकीने आमच्याकडे पाहिले. तिलाही आम्ही कधी नीट सांगितले नव्हते. वाचकहो, खरे तेच लिहितो. आम्ही बँकेत तीस वर्षे नोकरी केली. तिथे कोणी विचारले तर आजोबा शेती करत, असे आम्ही सांगत आलो. शेती होती, वतनाचा तुकडा होता, म्हणजे अगदीच खोटे नव्हते. पण आजोबा वेसकर होते. गावाची वेस राखणे हे त्यांचे काम. खांद्यावर घोंगडी, हातात घुंगुरकाठी. दिवेलागणीला घरोघर फिरून भाकरी मागायची, रात्री वेशीपाशी बसायचे. चोर, लांडगा, परका माणूस, सगळ्यांना आधी त्यांनी तोंड द्यायचे. सरकारी टपाल त्यांनी न्यायचे, मयताचा सांगावा त्यांनी पोचवायचा. गाव वेशीच्या आत निर्धास्त झोपायचे. आणि आजोबांची आजी, बायको, पोरे? ती महारवाड्यात, वेशीच्या बाहेर.

हे सगळे आम्ही तिला आमच्या भाषेत सांगितले. मुलगी तिथल्या शाळेत शिकते, पण मराठी चांगली समजते. तिने नीट ऐकून घेतले. मग म्हणाली, "पण इथे तर पहारेकरी शिडी आत ओढून घ्यायचे. आपल्या आजोबांना शिडी नव्हती?"

"नव्हती."

"मग चोर आले की ते कुठे जायचे?"

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. सौभाग्यवतींनी पिशवीतून चपातीभाजी काढली, म्हणून निभावले.

खाता खाता जावईबापूंनी एक नवी माहिती दिली. १८७८ साली रशियाशी युद्धाची वेळ आली असता इंग्रजांनी हिंदुस्थानातून सुमारे सात हजार फौज माल्ट्याला आणली होती. तीत मुंबई इलाख्याच्या ९ व्या आणि २६ व्या पलटणी होत्या. मुंबई फौजेत तेव्हा महार शिपाई मोठ्या संख्येने असत. पुढे १८९० नंतर ती भरती बंद केली आणि गोपाळबाबा वलंगकरांना त्यासाठी अर्ज लिहावा लागला, हे आपण जाणतोच. तेव्हा आपली माणसे याच बेटावर बंदूक खांद्याला लावून पहाऱ्याला उभी राहिली असतील, असे मानायला पुष्कळ जागा आहे. सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, "आणि गावी परत गेल्यावर वेशीबाहेरच."

नातीचे मन मात्र काठीत अडकले होते. "ती घुंगराची काठी कुठे आहे?"

महार वतनाचे जोखड निघावे म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात बिल मांडले होते. ते पार पडले नाही. वतने कायद्याने गेली ती १९५८ च्या कायद्याने. पण आमच्या आजोबांनी तोवर वाट पाहिली नाही. १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरहून दीक्षा घेऊन आले, दुसऱ्या दिवशी काठी मोडली आणि पाणी तापवायच्या चुलीत घातली. त्या पाण्याने सगळ्या घराने आंघोळ केली, असे वडील सांगत. आम्ही तेव्हा दोन वर्षांचे.

"जाळली?" नात म्हणाली. "का जाळली? इथे बघा, किती जपून ठेवलंय. आपण पण ठेवली असती."

खरे आहे. त्या बुरुजाची निगा 'दीन लार्त हेल्वा' ही तिथली वारसा जपणारी संस्था राखते. आमच्या गावची वेस १९७२ च्या दुष्काळानंतर रस्ता रुंद करताना पडली, दगड कोणाकोणाच्या जोत्यात गेले. आम्ही नातीला सांगितले की आजोबांनी जाळली ते योग्यच केले. ज्याच्या हातात ती होती त्याने ठरवायचे, तुम्ही-आम्ही नाही. तिला ते पूर्ण पटले असे दिसले नाही. आमच्या लेकीलाही नाही. ती म्हणाली, "बाबा, काठी जाळली ते ठीक. पण तुम्ही सांगितलं का नाही आम्हाला?"

दुसऱ्या बुरुजापर्यंत आम्ही फारसे बोललो नाही. ऊन उतरले होते, वारा सुटला होता. नात पुढे पळत जाऊन मागच्या बुरुजाकडे वळून पाही आणि ओरडे, "दिसतोय! अजून दिसतोय!" परतीची बस सव्वासहाची होती. लेकीला त्या दिवशी रात्रपाळी होती, म्हणून जरा घाईच झाली.